प्रिंट निघेना? मंडईतल्या ऑफिसांसाठी खर्चाचा हिशेब

महिन्याची २० तारीख, दुपारचे साडेतीन. जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस, समोर ग्राहक ताटकळलेला आणि चार टेबलांत मिळून असलेला एकुलता एक प्रिंटर स्क्रीनवर ‘ऑफलाइन’ दाखवतोय. पुण्यातल्या महात्मा फुले मंडईच्या आसपास, शुक्रवार आणि बुधवार पेठेच्या गल्ल्यांत, जुन्या वाड्यांच्या माडीवर आणि नव्या संकुलांच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर छोटी ऑफिसं दाटीवाटीने बसली आहेत. करसल्लागार, घाऊक व्यापारी, ट्रान्सपोर्टवाले, पतसंस्था, विमा एजंट. यांच्यातल्या बहुतेकांकडे संगणक सांभाळणारा वेगळा माणूस नसतो. प्रिंट अडली की फोन जातो मेकॅनिकला. तो येतो, वीस मिनिटं खुडबुड करतो, पाचशे रुपये घेतो आणि पुढच्या महिन्यात तोच प्रिंटर पुन्हा ‘ऑफलाइन’ होतो.

हे पैसे वाचवता येतात. सामायिक प्रिंटरवर प्रिंट निघत नसेल तेव्हा यंत्र बहुतेक वेळा धडधाकट असतं. संगणकापासून यंत्रापर्यंतची वाट कुठेतरी अडलेली असते, आणि ती मोकळी करायला पाना-पक्कड लागत नाही, सुटा भागही लागत नाही. म्हणून एक नियम ऑफिसातल्या सगळ्यांनी पाळावा: वाट तपासल्याशिवाय यंत्रावर एक रुपयाही खर्च करायचा नाही.

थांबण्याचीही किंमत असते. महिना वीस हजार पगाराचा माणूस २६ दिवस, रोज आठ तास काम करतो असं धरलं तर त्याचा तास सुमारे ९६ रुपयांना पडतो. चौघे अर्धा तास प्रिंटरभोवती उभे राहिले की १९० रुपये गेले. त्यावर मेकॅनिकचा व्हिजिटिंग चार्ज, पेठेत साधारण ३०० ते ५०० रुपये, आणि हा आकडा काम झालं किंवा न झालं तरी द्यावा लागतो.

आधी यंत्रालाच विचारा

पहिली चाचणी संगणकाला हात न लावता करायची. प्रिंटरच्या मेनूत ‘रिपोर्ट्स’, ‘इन्फर्मेशन’ किंवा ‘सेटअप’ अशा नावाखाली कॉन्फिगरेशन पेज किंवा नेटवर्क रिपोर्ट असतो, तो छापा. पडदा नसलेल्या यंत्रावर एखादं बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. कोणतं, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. स्कॅनर असलेलं यंत्र असेल तर सरळ एक झेरॉक्स काढून बघा.

पान स्वच्छ आलं तर टोनर, ड्रम, फ्युजर, रोलर सगळं ठीक आहे. हे पान जपून ठेवा. नंतर कुणी “साहेब, ड्रम गेलाय” म्हणालं तर तेच त्याच्यासमोर ठेवता येतं. पान आलंच नाही, डागाळलेलं आलं किंवा मध्येच अडकलं, तर मात्र दोष खरोखर यंत्रात आहे. त्याकडे पुढे येऊ.

याच पानावर एक ओळ असते, आयपी ॲड्रेसची. समजा तिथे १९२.१६८.१.५० असं काही छापलंय. हा त्या प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता. आता एखाद्या संगणकावर प्रिंटरच्या प्रॉपर्टीज उघडा आणि ‘पोर्ट्स’ या खणात कोणता पत्ता आहे ते बघा. दोन्ही आकडे वेगळे असतील तर रोग सापडला. संगणक जुन्या पत्त्यावर कागद पाठवतोय आणि तिथे आता कुणीच राहत नाही.

असं का होतं? ऑफिसातला राउटर प्रत्येक यंत्राला पत्ता देतो, तो काही काळापुरताच. वीज गेली, राउटर बंद-चालू झाला, कुणाचा नवा फोन वायफायला जोडला गेला, की प्रिंटरला दुसरा पत्ता मिळू शकतो. पेठेत पावसाळ्यात वीज चार वेळा जाऊन येते, त्या दिवशी ‘ऑफलाइन’च्या तक्रारी वाढतात त्या यामुळे. मेकॅनिक येऊन प्रिंटर काढतो, पुन्हा जोडतो, प्रिंट निघते. पण पत्ता कायमचा बांधला गेला नाही तर पुढच्या खंडित विजेला तोच तमाशा.

पक्का इलाज राउटरमध्ये आहे. त्याच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवता येतो. ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ किंवा ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ या नावाने ही सोय असते. त्यानंतर प्रत्येक संगणकावर प्रिंटर ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ वापरून त्याच पत्त्यावर जोडायचा. स्वतः केलं तर खर्च शून्य. नेटवर्कवाल्याकडून चार-पाच संगणकांसह करून घेतलं तर साधारण ५०० ते १,००० रुपये, तेही एकदाच. मेकॅनिक प्रिंटरमध्येच हाताने पत्ता टाकत असेल तर तो राउटरच्या वाटपाच्या यादीबाहेरचा आहे ना, हे विचारा. नाहीतर एक दिवस तोच पत्ता कुणाच्या लॅपटॉपला मिळतो आणि दोघंही अडतात.

इंटरनेट कंपनी बदलल्यावर प्रिंटर ‘मेला’ अशी तक्रार फार ऐकू येते. कारण साधं आहे. अनेक राउटर १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० या मालिकेतले पत्ते वाटतात, जिओफायबरचा राउटर १९२.१६८.२९ या मालिकेतले वाटतो. प्रिंटरला जुन्या मालिकेतला पत्ता हाताने दिलेला असेल तर नव्या राउटरला तो दिसतच नाही. नवीन कनेक्शन जोडायला माणूस आला असेल तेव्हा त्याच्यासमोरच प्रिंट काढून बघा. तो गेल्यावर हे काम पैशाचं होतं.

पानावर पत्ता ०.०.०.० असेल किंवा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. मग वायर बघा. प्रिंटरच्या मागे, जिथे लॅनची वायर जाते तिथे, एक बारीक दिवा असतो. तो विझलेला असेल तर वायर दुसऱ्या खाचेत घालून बघा, स्विचचं दुसरं पोर्ट बघा, दुसरी वायर लावून बघा. टोकाची प्लास्टिकची कळ तुटली असेल तर वायर आत बसल्यासारखी दिसते आणि सैल असते. भाजी-धान्याच्या बाजाराला लागून ऑफिस म्हणजे उंदीर आलेच. माळ्यावरून किंवा छताच्या पट्टीतून गेलेली वायर कुरतडलेली निघते. कॅट-६ वायर साधारण २० ते ३० रुपये मीटर, टोकाचा कनेक्टर दहा-पंधरा रुपये, पाच पोर्टांचा साधा स्विच ५०० ते ९०० रुपये. हे सगळं मंडईपासून पायी जाण्याइतक्या अंतरावर, तापकीर गल्लीत आणि बुधवार पेठेच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतं.

वायफायवर प्रिंटर चालवणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. वाड्याच्या जाड भिंतींतून वायफायचा जोर निम्म्यावर येतो, आणि बरेच ऑफिस प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, जिथे शेजारच्या दहा दुकानांचे राउटर आधीच गर्दी करून असतात. प्रिंटरला लॅनचं पोर्ट असेल तर वायर ओढा. पंधरा मीटर वायर आणि मजुरी मिळून हजार रुपयांच्या आत काम होतं आणि वर्षभराचा त्रास संपतो. आणखी एक, ‘गेस्ट’ नावाच्या वायफायला जोडलेल्या लॅपटॉपवरून प्रिंट जात नाही. राउटर मुद्दामच पाहुण्यांना आतल्या यंत्रांपासून दूर ठेवतो, त्यात प्रिंटरचा दोष नाही.

पत्ता बरोबर, वायर बरोबर, तरी ‘ऑफलाइन’? मग पोर्टच्या सेटिंगमध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची खूण काढून बघा. काही प्रिंटर या विचारणेला उत्तर देत नाहीत आणि विंडोज त्यांना बंद समजतं. शिवाय प्रिंटरच्या खिडकीत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’वर चुकून टिक झाली आहे का तेही पाहा. दोन्ही कामं एका मिनिटाची, फुकट.

एकाची फाइल, सगळ्यांचा खोळंबा

सामायिक प्रिंटरचं खास दुखणं म्हणजे रांग. एकाची फाइल पुढे अडकली की मागच्या सगळ्यांची कामं तिथेच थिजतात. आणि लोक काय करतात, तर प्रिंट येत नाही म्हणून पुन्हा बटण दाबतात. पुन्हा दाबतात. रांग मोकळी झाली की तेच बिल अकरा वेळा बाहेर येतं.

बहुतेक वेळा पुढे अडकलेली फाइल ‘लेटर’ आकाराची असते. बाहेरून आलेली वर्ड फाइल किंवा परदेशी कंपनीचं पीडीएफ अमेरिकन लेटर साइझमध्ये बनवलेलं असतं. ट्रेमध्ये ए-४ आहे, प्रिंटर लेटर मागतोय आणि एक दिवा लुकलुकत ठेवून वाट बघत बसलाय. करारनाम्यांसाठी लीगल साइझ वापरणाऱ्या ऑफिसात हे रोजचंच. फाइल पाठवताना कागदाचा आकार बघा आणि सगळ्या संगणकांवर मुळातच ए-४ निवडून ठेवा.

रांग साफ करायची रीत अशी. आधी प्रिंटरची रांग उघडून अडकलेली फाइल ‘कॅन्सल’ करा. ती ‘डिलीटिंग’ म्हणून तशीच लटकून राहिली तर स्टार्ट मेनूत ‘सर्व्हिसेस’ शोधा, यादीत ‘प्रिंट स्पूलर’ सापडेल, त्यावर उजवी क्लिक करून ‘स्टॉप’. मग सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स हे फोल्डर उघडा आणि त्यातल्या फाइली पुसा. फोल्डर पुसू नका, फक्त आतल्या फाइली. परत येऊन स्पूलर ‘स्टार्ट’. मधल्या वेळात प्रिंटरही बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा, कारण अर्धवट पान त्याच्याही डोक्यात असतं. हेच काम करायला येणारा माणूस तीनशे रुपये घेतो. ऑफिसातल्या एकाने ते शिकून घ्यावं. ही रांग प्रत्येक संगणकाची वेगळी असते हे लक्षात ठेवा. ज्याची फाइल अडली त्याच्याच संगणकावर हे करायचं.

यूएसबीवरचा प्रिंटर सगळ्यांत वाटला असेल तर

पेठेतल्या ऑफिसांत कॅननचा एलबीपी२९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२० अजून जागोजागी दिसतात. दणकट यंत्रं. दोन्हींत बारा-ए वर्गाचीच कार्ट्रिज बसते, सुटे भाग मुबलक, दुरुस्ती स्वस्त. पण दोन्हींना लॅनचं पोर्ट नाही. एका संगणकाला यूएसबीने जोडून ‘शेअरिंग’ करून बाकीच्यांना दिलेले असतात. याचा अर्थ तो संगणक बंद असला, झोपलेला असला किंवा त्याचा पासवर्ड बदलला की सगळ्यांची प्रिंट बंद. जेवणाच्या सुट्टीनंतर पहिली प्रिंट निघत नाही याचं कारण बहुतेक हेच. त्या संगणकाचं ‘स्लीप’ बंद करा आणि नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे ना ते बघा. खर्च नाही.

२०२१ पासून या पद्धतीला एक मोठी अडचण लागली. त्या वर्षी विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेला सुरक्षेचा दोष सापडला. मायक्रोसॉफ्टने तो बुजवला, त्या वर्षीच्या अपडेटांनी प्रिंटर शेअरिंगचे नियम कडक केले, आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर जगभरच्या छोट्या ऑफिसांत शेअर केलेल्या प्रिंटरांवर ‘११बी’ने संपणारी एरर दिसू लागली. ती अजूनही दिसते, मुख्यतः एक संगणक अद्ययावत आणि दुसरा जुनाट असेल तिथे. झटपट इलाज म्हणून काही जण अपडेट काढून टाकतात किंवा रजिस्ट्रीत बदल करून नवं संरक्षण बंद करतात. ज्या ऑफिसात ग्राहकांचे पॅन, आधार आणि बँकेचे तपशील आहेत तिथे हे करू देऊ नका. दोन्ही बाजूंचे संगणक पूर्ण अपडेट करा, ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून नव्याने घाला. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीचा पाठिंबा राहिलेला नाही, हेही हिशेबात धरा.

या यंत्रांना नेटवर्कवर आणायला ‘प्रिंट सर्व्हर’ नावाची डबी मिळते, साधारण दीड ते तीन हजारांत. घेण्याआधी थांबा. एलबीपी२९०० सारखी यंत्रं पान तयार करण्याचं काम संगणकाकडून करून घेतात आणि बऱ्याच स्वस्त डब्यांशी त्यांचं जमत नाही. आपल्या ऑफिसात, आपल्या प्रिंटरवर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

मराठी मजकूर चौकोन किंवा भलताच छापला जातो

मराठी ऑफिसांचं हे वेगळं प्रकरण. स्क्रीनवर नीट दिसणारं पत्र कागदावर चौकोन, चिन्हं आणि रोमन अक्षरांची खिचडी होऊन येतं. दोष दोनपैकी एक. पत्र श्री-लिपी किंवा आयएसएमच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टंकलेलं असेल आणि ज्या संगणकावरून प्रिंट सोडली तिथे तो फाँटच नसेल, तर असं होणारच. जिथे टंकलं तिथेच पीडीएफ करा, फाँट आत बांधून, आणि मग ते छापा. नवी कामं युनिकोडमध्येच करा. दुसरा प्रकार पीडीएफचा: मजकूर ठीक दिसतो, छापताना जोडाक्षरं तुटतात. ॲडोबी रीडरच्या प्रिंट खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ‘प्रिंट ॲज इमेज’ निवडा. प्रिंट थोडी सावकाश येते, पण अचूक येते. यासाठी कुणी प्रिंटरचं लॉजिक कार्ड बदलायला सांगत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

दोष खरोखर यंत्रात असेल तेव्हा

आता पट्टी घ्या, शाळेतली साधी पट्टी. पानावर एकच डाग ठरावीक अंतराने खाली खाली येतोय का बघा. यंत्रातला जो रोलर डाग पाडतो त्याच्या घेराइतकं ते अंतर असतं. बारा-ए कार्ट्रिजच्या यंत्रांत डाग साधारण साडेसात सेंटीमीटरवर येत असतील तर ड्रमवर ओरखडा आहे, म्हणजे कार्ट्रिजचा दोष. साधारण साडेपाच-सहा सेंटीमीटरवर येत असतील तर संशय फ्युजरच्या टेफ्लॉन फिल्मवर. या मोजमापाने ३०० रुपयांचं काम की १,५०० रुपयांचं, हे मेकॅनिक येण्याआधीच कळतं.

दुसरी परीक्षा बोटाची. ताज्या पानावर बोट घासा. अक्षरं पुसली जात असतील तर टोनर कागदावर भाजलाच जात नाहीये, फ्युजर कमजोर आहे किंवा कागदाचा प्रकार चुकीचा निवडलाय. आधी सेटिंग बघा, मग फ्युजर. उभी काळी रेघ सतत येत असेल तर कार्ट्रिजमधला ड्रम किंवा ब्लेड. फिकट पट्टा असेल तर टोनर संपत आलाय. कार्ट्रिज काढून आडवी, हलक्या हाताने पाच-सहा वेळा हलवा, आणखी काही पानं निघतील.

कागद ओढत नसेल किंवा एकदम चार ओढत असेल तर पिकअप रोलर. ओलसर, पिळून काढलेल्या सुती कापडाने तो पुसला तरी अनेकदा महिनोन्‌महिने चालतो. जून ते सप्टेंबर कागद दमट होतो, वाकतो आणि अडकतो. उघडं रिम ट्रेशेजारी ठेवू नका, प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवा. अडकलेला कागद कागदाच्या वाटेनेच, दोन्ही हातांनी हळू ओढा. उलटा खेचला तर फ्युजरची फिल्म फाटते आणि फुकटचं काम हजार रुपयांचं होतं.

बारा-ए आणि अठ्ठ्याऐंशी-ए वर्गाच्या छोट्या लेझर यंत्रांचे भाव साधारण असे: पिकअप रोलर बसवून ३०० ते ६००, टेफ्लॉन फिल्म बसवून ८०० ते १,५००, लॉजिक कार्ड दीड ते साडेतीन हजार. कार्ड बदलायचं असेल तर जुनं कार्ड मागून घ्या, आणि नव्याला निदान तीन महिन्यांची हमी बिलावर लिहून घ्या. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नका. फ्युजर तापताना तो एकदम जास्त वीज ओढतो, छोटा यूपीएस ट्रिप होतो आणि त्याच्यावरचे संगणकही बंद पडतात.

टोनरपेक्षा कागद महाग

बारा-ए कार्ट्रिजची कंपनीने सांगितलेली क्षमता २,००० पानांची आहे, अठ्ठ्याऐंशी-एची १,५००. हे आकडे पानाचा साधारण पाच टक्के भाग काळा होईल असं धरून काढलेले असतात. घट्ट तक्ते आणि मोठे लोगो छापणाऱ्यांना तेवढी पानं मिळत नाहीत. ओरिजिनल कार्ट्रिज पाच हजारांना धरली तर पान अडीच रुपयांना पडतं. ‘कंपॅटिबल’ कार्ट्रिज साधारण ४०० ते ८००; सहाशेची घेतली आणि १,५०० पानं निघाली तर पान ४० पैसे. रिफिल दुकानात नेऊन १५० ते ३००, ऑफिसात येऊन २५० ते ४००. अडीचशे धरले तर पान १७ पैशांच्या आसपास. म्हणून पेठेत सगळे रिफिल करतात, आणि आतल्या वापराच्या कागदांसाठी ते बरोबरच आहे. मात्र एकच कार्ट्रिज तीन-चार वेळांच्या पुढे भरत राहू नका, ड्रम झिजतो आणि सांडलेली पावडर यंत्राच्या आत जाते. वॉरंटीतल्या यंत्रात रिफिलमुळे बिघाड झाला तर कंपनी तो मोफत दुरुस्त करत नाही.

आता कागद. ७५ जीएसएमचं ५०० पानांचं रिम २५० ते ३०० रुपयांना, म्हणजे कोरं पानच ५० ते ६० पैशांचं. रिफिलच्या टोनरच्या तिप्पट. रिफिलवाल्याशी वीस रुपयांसाठी घासाघीस करण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी छापण्याची सवय जास्त वाचवते. महिन्याला ३,००० पानं छापणाऱ्या ऑफिसाने निम्मी कामं पाठपोट केली तर ७५० कागद वाचतात, सुमारे चारशे रुपये. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे येणारे कागद ए-४ वर, पाठपोट छापून स्वीकारायचं ठरवलं, तेव्हा एका बाजूच्याच छपाईचा आग्रह धरायला आता फारसं कारण उरलेलं नाही.

नव्या यंत्रांत चिपचा प्रश्न आहे. एचपी आपल्या काही प्रिंटरांबाबत ‘डायनॅमिक सिक्युरिटी’ या नावाखाली स्वतःच सांगते, की बिगर-एचपी चिप असलेली कार्ट्रिज यंत्र नाकारू शकतं, आणि आज चालणारी कार्ट्रिज पुढच्या फर्मवेअर अपडेटनंतर चालेलच असं नाही. नवा प्रिंटर घेताना खोक्यावरची ही बारीक अक्षरं वाचा. रिफिल परवडते म्हणून यंत्र घेतलं आणि रिफिल चाललीच नाही, तर दर पानाला दोन रुपये जास्त मोजावे लागतील.

बिल, हमी आणि फसवणूक

प्रिंटर, कार्ट्रिज आणि दुरुस्तीवर जीएसटी १८ टक्के आहे. तुमची नोंदणी असेल तर बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक घ्या. पाच हजारांच्या खरेदीवर नऊशे रुपयांची वजावट मिळते. “बिल नको असेल तर कमी करतो” हा सौदा नोंदणीकृत ऑफिसाला तोट्याचाच, कारण बिलाबरोबर हमीही जाते.

ग्राहक चळवळीचं पुणं हे माहेर. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचं काम याच शहरात सुरू केलं. तरी ऑफिसासाठी घेतलेल्या यंत्राबाबत एक मर्यादा माहीत असावी: २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी हेतूने केलेल्या खरेदीला लागू होत नाही. मात्र स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी यंत्र घेणारा माणूस ग्राहकच मानला जातो. एकट्याने काम करणारा करसल्लागार किंवा टंकलेखक त्यात बसू शकतो. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करून पाहता येतो.

सगळ्यांत महागात पडतो तो इंटरनेटवर शोधून लावलेला फोन. ‘प्रिंटर ऑफलाइन हेल्पलाइन’ असं शोधलं की कंपनीच्या नावाने भलतेच नंबर वर येतात. पलीकडचा माणूस रिमोटचं ॲप टाकायला सांगतो, स्क्रीनवर व्हायरस ‘दाखवतो’ आणि पैसे मागतो. कंपनीचा नंबर खोक्यावरून किंवा मॅन्युअलमधूनच घ्या. ज्या संगणकावर बँकेचं काम चालतं त्याचा ताबा अनोळखी माणसाला देऊ नका. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

मेकॅनिकला बोलावताना फोनवरच तीन गोष्टी ठरवा: येण्याचे किती, काम झालं नाही तर किती, आणि जुना भाग परत मिळणार ना. वार्षिक देखभाल करार करत असाल तर त्यात रोलर, फिल्म आणि कार्ड धरलंय की नुसती मजुरी, हे लिहून घ्या. नुसत्या मजुरीचा करार एका प्रिंटरच्या ऑफिसाला सहसा परवडत नाही. महिन्याला पाच हजारांच्या वर पानं जात असतील तर पर-कॉपी भाड्याचं यंत्र विचारा. टोनर, दुरुस्ती सगळं त्यांचं, दर पानाला साधारण पन्नास पैशांच्या आसपास आणि कागद तुमचा.

गणेशोत्सवाची तयारी वेगळी करावी लागते. विसर्जन मिरवणूक मंडईतल्या टिळक पुतळ्यापासूनच निघते आणि त्याआधीही संध्याकाळी रस्ते बंद असतात. मेकॅनिक इच्छा असूनही पोहोचत नाही. एक भरलेली कार्ट्रिज आणि दोन रिमं आधीच घेऊन ठेवा. एरवी यंत्र दुकानात न्यायचं असेल तर सप्टेंबर २०२४ पासून मंडईला भुयारी मेट्रोचं स्टेशन आहे. कार्ट्रिज न्यायला पार्किंग शोधत फिरण्याची गरज उरलेली नाही. संपलेली कार्ट्रिज कचऱ्यात टाकू नका, ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजही येते. टोनर सांडला तर घरगुती व्हॅक्युम लावू नका, ओल्या कापडाने पुसा, आणि कपडे गार पाण्यानेच धुवा.

दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? लॅन आणि पाठपोट छपाई असलेला काळा-पांढरा लेझर प्रिंटर आज साधारण १५ ते २५ हजारांत येतो. जुन्या यूएसबीवाल्या यंत्राचा रोलर किंवा फिल्म गेली असेल तर बिनधास्त दुरुस्त करा, ती यंत्रं अजून वर्षानुवर्षं चालतील. पण कार्ड गेलं असेल, ऑफिसात तीनपेक्षा जास्त संगणक असतील आणि शेअरिंग दर महिन्याला रुसत असेल, तर त्या यंत्रावर तीन हजार घालू नका. लॅनचा प्रिंटर घ्या, पहिल्याच दिवशी त्याचा पत्ता राउटरमध्ये राखून घ्या, आणि तो पत्ता, कार्ट्रिजचा नंबर व खरेदीची तारीख एका कागदावर छापून यंत्रावर चिकटवा.